एका ओहोटीचा बांध

“अजून शंभर वर्षं तरी टिकेल की नाही, बुवा? एवढंच सांगा.”

जोमाबुवा वाकून बांधाच्या खाडीकडच्या अंगाला पाहत होते. तिथे अंगठा जाईल एवढं खेकड्याचं बीळ होतं. बुवांनी पाटीतला मूठभर चिखल घेतला, त्यात थोडा पेंढा मळला, बिळात कोंबला आणि टाचेने दाबला.

मग कमरेवर हात ठेवून सरळ झाले.

“काय टिकेल?”

“तुम्ही ऐकतच नाही आहात.”

“ऐकतोय. आतला खेकडापण ऐकतोय. काय टिकेल?”

“त्यांची सत्ता,” भालचंद्र म्हणाला आणि त्याने मागे बोट केलं.

मागे वीस-पंचवीस पावलांवर एक गोरा अधिकारी येत होता. पांढरा गणवेश, खांद्यावर पट्ट्या. बूट हातात आणि पाय घोट्यापर्यंत चिखलात. ज्या देशाची जहाजं सगळ्या समुद्रांवर फिरतात, त्या देशाच्या आरमारातला तो कॅप्टन होता.

चैत्र वद्य अष्टमी होती. ओहोटी बारा वाजून वीस मिनिटांनी पुरी व्हायची होती.

भालचंद्र घरत याच गावचा. वय सत्तावन्न. तरुणपणी जोमाबुवांकडे तो दोन गोष्टी शिकला, भजन आणि बांध. मग परदेशी गेला, आणखी शिकला, आणि आता त्या मोठ्या देशाच्या राजधानीत सल्लागार होता. जगावर राज्य कसं टिकवावं, यावर त्याने एक जाड पुस्तक लिहिलं होतं. त्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण याच गावाच्या एका बांधावर होतं.

त्याच्या खिशात एक कागद होता. खाडीच्या तोंडाशी त्या देशाला आपल्या जहाजांत तेल भरायचा तळ हवा होता. त्यासाठी बांधाआतली शेतं आणि चाळीस घरं उठणार होती. वरच्या पातळीवर सगळं ठरलं होतं. फक्त बांध गावकीचा होता, म्हणून गावकीची संमती हवी होती. चाळीस घरांनी एकच सांगितलं, बुवा करतील ते आम्ही करू.

कागद दुपारच्या बोटीने परत जायचा होता.

“सही करायला लावणार, ते ठाऊक आहे,” बुवा म्हणाले. “पण तू दुसरंच विचारतोयस.”

“सहीआधी तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

“कशाला? पुस्तक तर लिहून झालं.”

बुवा चालू लागले. ऐंशी ओलांडली होती, पण बांधावर त्यांचं पाऊल घसरत नसे. चार पावलं चालायचे, वाकायचे, बीळ बुजवायचे. पुन्हा चार पावलं.

“पृथ्वीवर असा समुद्र नाही, जिथे त्यांचं जहाज नाही,” भालचंद्र मागून बोलत होता. “असं आकाश नाही, जिथे त्यांचा डोळा नाही. कोणी कोणाला काय विकायचं, कोणाशी बोलायचं, कोणाशी नाही, ते ठरवतात. नको असलेला राजा एका आठवड्यात बदलतात. असं आजवर कोणालाच जमलं नव्हतं, बुवा.”

“बरं.”

“बरं काय?”

“बरं म्हणजे ऐकलं.”

आणखी एक बीळ. चिखल, पेंढा, टाच.

“लांबच्या तळावर जो माणूस बसलाय, त्याला रजा किती मिळते?”

भालचंद्र हसला. “मी जगाचं विचारतोय आणि तुम्ही रजेचं विचारताय.”

“हां.”

“वर्षाला महिनाभर असेल.”

“आणि उरलेले अकरा महिने?”

“राहतो तिथे. पगार मिळतो त्याला.”

“बरं,” बुवा म्हणाले.

या गावात बांधाची एक जुनी रीत आहे. बांध एका ओहोटीचा असतो. म्हणजे एक माणूस चिखलाची पाटी घेऊन या टोकाला निघाला, वाटेतली सगळी बिळं बुजवत गेला, आणि पाणी फिरायच्या आत त्या टोकाला पोचला, तर तेवढा बांध आपला. त्यापुढचा समुद्राचा. अंगठ्याएवढं बीळ पुढच्या भरतीला मुठीएवढं होतं आणि तिसऱ्या भरतीला त्यातून म्हैस जाते. म्हणून रोज कोणीतरी चालायचंच. प्रत्येक घराचा दिवस ठरलेला.

नवं घर बांधाआत आलं, तर त्याला कागद देत नाहीत. गावातला वडीलधारा त्याच्या हातात पाटी देतो आणि त्याची पाळी कोणत्या वारी ते सांगतो. पाटी घेतली की तो बांधाचा धनी झाला.

भालचंद्राने चोवीस वर्षांचा असताना ही रीत मोडून बांध पुढे खाडीत नेला होता.

तिघे आता बांधाच्या टोकाला आले. इथून पुढे खाडीत वाकड्यातिकड्या रांगेत मोडलेल्या बांधाचे काळे खुंट दिसत होते. त्यांच्यामधे कांदळ उगवलं होतं. खुंटांची रांग दूर घारखडकापर्यंत गेली होती. खडकावर बगळे बसले होते.

“माझा बांध,” भालचंद्र हळूच म्हणाला.

“तुझा,” बुवा म्हणाले.

“तिप्पट जमीन मिळाली होती गावाला.”

“मिळाली होती. बांधही तिप्पट झाला. एका ओहोटीला तीन माणसं, दिवसाच्या दोन ओहोट्या, सहा माणसं. शिवाय शेजारच्या टेंभखार गावच्या होड्यांची वाट आपण बंद केली, म्हणून काठ्या घेऊन पहारा. तो वेगळा.”

“पहारा कमी पडला.”

“असं पुस्तकात लिहिलंयस?”

“स्पष्ट लिहिलंय. टेंभखारवाल्यांना आपण पहिल्याच वर्षी हाणायला हवं होतं. तुम्ही अडवलंत. त्यांनी नवव्या वर्षी बांध फोडला. पहिल्या प्रकरणातलं शेवटचं वाक्य तेच आहे. हात उचलायला जो लाजतो, त्याची भिंत आधी पडते. तिकडे हे वाक्य आरमाराच्या शाळेत शिकवतात.” त्याने कॅप्टनकडे मान वळवली. “हासुद्धा ते शिकलाय.”

बुवांनी पाटी खाली ठेवली.

“टेंभखारवाल्यांनी नाही फोडला.”

“म्हणजे?”

“चार वेळा आले कुदळी घेऊन. चारही वेळा हाकलले. दोघांची डोकी फुटली. जिंकतच होतो आपण.”

“मग वादळात गेला?”

“त्या वर्षी वादळ नव्हतं.”

“मग कोणी…?”

बुवा घारखडकाकडे पाहत राहिले.

“त्या दिवशी पाळी माझी होती. शेवटचा तुकडा. खडकापाशी एक बीळ सापडलं, एवढंसं.” त्यांनी अंगठा दाखवला. “पाटीत चिखल होता, पेंढाही होता. मी समोर बसलो…”

“आणि?”

“बसलो.”

खाडीचं पाणी खुंटांच्या मधून सावकाश उतरत होतं.

“धाकटीची हळद होती त्या दिवशी,” बुवा म्हणाले. “घरी लग्नाची गाणी गायला धवलारीण आली होती. जुन्या बांधावर कुठेही उभं राहा, गावातलं गाणं ऐकू येतं. तिथे येईना. कानामागे हात धरून बघितलं. मान वळवून बघितलं. नुसता वारा… तेव्हा मी तुझ्या आताच्या वयाचा होतो, भालचंद्र. पोरीच्या हळदीला बाप तीन हजार पावलांवर बसून खेकड्याशी भांडतोय.”

“मग?”

“मग पाटी समुद्रात उलटी केली, हात धुतले आणि घरी गेलो.”

भालचंद्राचा आवाज चढला. “तुम्ही? तुम्ही सोडलात? सगळ्या गावाची मेहनत एका गाण्यापायी…”

“ऐक ना. वाटेत पोशा भेटला. मधला तुकडा त्याचा. पुढे हाशा भेटला. तिघांच्याही पाट्या रिकाम्या. आणि कोणाच्याच हाताला चिखल नाही. कोणी कोणाला काही विचारलं नाही. घरी जाऊन जेवलो. त्या वर्षी हळदीला गर्दी फार. सगळं गाव होतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा.”

“मला पत्र आलं होतं,” भालचंद्र म्हणाला. “बांध गेला, असं लिहिलं होतं.”

“खोटं कुठे होतं? गेलाच की.”

“तेव्हाच खरं का नाही सांगितलं?”

“तू विचारलंस कुठे? तू लिहिलंस, त्यांना धडा शिकवा.”

भालचंद्राने कपाळ पुसलं. त्याचा चेहरा लाल झाला होता, पण उन्हाने नव्हे.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “ते चाळीस घरांचं गाव होतं. आळशी, गाण्याबजावण्यातलं. या देशाचं तसं नाही. त्यांच्याकडे पगारी माणसं आहेत, यंत्रं आहेत, शिस्त आहे. तिथे कोणाच्या पोरीच्या हळदीवर काही अडत नाही.”

“यंत्र कोण फिरवतं?”

“माणूसच फिरवतो. पण नियमाने.”

“आम्हीही नियमानेच जात होतो.”

“पुन्हा तेच! बुवा, हा माणूस बघा. घरापासून अर्ध्या जगावर उभा आहे. चौदा महिने झाले. तक्रार नाही, चेहऱ्यावर रेघ नाही. सांगाल तिथे उभा राहतो. अशी लाखो माणसं आहेत त्यांच्याकडे. ही आहे सत्ता.”

बुवांनी कॅप्टनकडे पाहिलं.

कॅप्टन बांधाच्या कडेला एका दगडावर टेकला होता. बूट शेजारी नीट ठेवले होते. आपल्याबद्दल बोलणं चाललंय एवढं त्याला कळलं. तो अदबीने उठू लागला. बुवांनी हातानेच बस म्हटलं.

मग स्वतःच्या उघड्या मनगटावर बोटाने दोनदा टिचकी मारली. किती वाजले?

“अकरा वाजून गेलेत,” भालचंद्र म्हणाला. “मी सांगतो ना.”

“तुला नाही विचारलं.”

कॅप्टनला खूण कळली. त्याने बाही मागे सारली आणि घड्याळ बुवांसमोर धरलं.

बुवांना डोळ्यांनी थोडं कमी दिसे. ते अगदी जवळ वाकले. मग भालचंद्राला जवळ ये म्हणाले.

घड्याळात पावणेदोन वाजले होते.

ऊन अजून डोक्यावर यायचं होतं.

भालचंद्र कॅप्टनशी त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. घड्याळ बंद पडलंय, असं काहीसं असावं. कॅप्टनने मान हलवली. सेकंदकाट्यावर बोट ठेवून दाखवलं. काटा चालत होता.

मग तो थोडा लाजला. त्याने कमरेएवढ्या उंचीवर तळहात आडवा धरला, एवढी. दोन्ही हात जोडून गालाखाली घेतले आणि क्षणभर डोळे मिटले.

त्याच्या घरी आता रात्रीचे पावणेदोन. ती झोपलेली असते.

त्याने डोळे उघडले, बाही खाली ओढली आणि पुन्हा खाडीकडे पाहत बसला.

“तुझं काय म्हणतंय?” बुवांनी विचारलं.

भालचंद्राने नकळत मनगट वर केलं. त्याचं घड्याळ सव्वाअकरा दाखवत होतं.

“इथल्या वेळेवर कधी लावलंस?”

“विमानातच… उतरायच्या आधी.”

“कोणी सांगितलं?”

भालचंद्राने मनगट खिशात घातलं. त्याच खिशात कागद होता. तो त्याने बाहेर काढला.

“हे सगळं गोड आहे, बुवा. पण बोट दोन वाजता सुटते. सही करा.”

बुवांनी दोन्ही हात पुढे केले. हात चिखलाने भरले होते. अंगठ्याचा ठसा उमटू नये म्हणून त्यांनी कागद दोन मनगटांत धरला आणि उन्हाकडे करून पाहिला.

“पाण्यात विरतो का हा?”

“कागद आहे. विरणारच.”

“मग बिळात घालायलाही उपयोगाचा नाही.” त्यांनी तसाच मनगटांनी तो परत दिला.

“थट्टा नको.”

“नाही केली.”

“तुम्ही सही नाही केलीत, तरी ते घेतील. मी तुम्हाला वाचवायला आलोय. दोन महिन्यांत बोटी येतील, यंत्रं येतील, पोलीस येतील. काय करणार तुम्ही? ऐंशी वर्षांचा म्हातारा आणि चाळीस घरं. हातात काय आहे? पाटी?”

“हो.”

“आणि त्यांच्यासमोर काय करणार?”

“उभे राहू.”

“उचलून गाडीत घालतील.”

“घालू देत. सोडलं की परत येऊन उभे राहू.”

“पुन्हा उचलतील.”

“पुन्हा येऊ.”

“किती दिवस?”

बुवा पहिल्यांदाच हसले. तोंडात तीन दात उरले होते.

“तेच तर मी मघापासून तुला विचारतोय, किती दिवस? तुझ्या पुस्तकात त्याचा आकडा नाही. आम्हाला घाई नाही, भाल्या. आम्हाला घरी जायचं नाहीये. आम्ही घरीच आहोत.”

लहानपणानंतर भालचंद्राला भाल्या कोणी म्हटलं नव्हतं.

तो म्हणाला, “म्हणजे टिकणार नाही, असं तुमचं म्हणणं?”

“मी कुठे म्हटलं?”

“मग टिकेल?”

“तेही नाही म्हटलं.”

“काहीतरी एक सांगा! तीस वर्षं यावर घालवली मी. पुस्तक शंभर देशांत वाचतात. तुम्ही आज पहिलं प्रकरणच काढून घेतलंत. आता उत्तर तरी द्या…”

त्याचा आवाज फाटला. कॅप्टनने मान वळवून पाहिलं आणि पुन्हा नजर फिरवली.

बुवा वाकले. पाटीत थोडा चिखल उरला होता. त्यावर त्यांनी उरलेला पेंढा पसरला, पाटी उचलली आणि सावकाश कॅप्टनकडे गेले.

कॅप्टन उठून उभा राहिला. ताठ, शिकवल्याप्रमाणे.

बुवांनी पाटी पुढे केली.

काय करावं ते कॅप्टनला सुचेना. पण समोरचा माणूस म्हातारा होता आणि ओझं जड दिसत होतं. त्याने दोन्ही हातांनी पाटी घेतली. चिखलाचं पाणी पांढऱ्या गणवेशावरून ओघळलं. तो नम्रपणे हसला.

“बुवा!” भालचंद्र ओरडला. “हे काय करताय? त्याला काय माहीत, पाटी घेतली म्हणजे काय ते!”

“तुला माहीत आहे ना? बांध हवाय ना त्यांना? दिला.”

बुवांनी धोतराला हात पुसले. बांधाच्या टोकावर, जिथे जुना बांध संपतो आणि खुंट सुरू होतात, तिथे एक नवीन बीळ दिसत होतं. अंगठ्याएवढं.

खाडीचं पाणी थांबत आलं होतं. तासाभरात ते फिरणार होतं.

“त्याच्या भाषेत नीट विचार त्याला,” बुवा म्हणाले. “त्याची पाळी कोणत्या वारी लावू?”